काम पाहून राहिली

नोकरी जाण्याची इतकी जय्यत तयारी केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक लग्नाची तयारी करतात, परीक्षेची करतात, काही जण मरणाचीही करून ठेवतात. आमच्या हापिसातले भाऊ मात्र रोज सकाळी साडेनऊला अशा बेतानं यायचे, की दुपारी दोनला कोणी 'उद्यापासून येऊ नका' म्हणालं, तर दोन वाजून पाच मिनिटांनी हा माणूस हातात थैली घेऊन रस्त्यावर, आणि मागे टेबलावर त्यांची म्हणावी अशी एक टाचणीसुद्धा नाही.

कंपनी बियाण्यांची. मुख्यालय पुण्याला आणि अकोल्यात विभागीय हापिस. म्हणजे पुढे चार टेबलं आणि साहेबांची केबिन, मागे गोदाम आणि बाजूला एक लांबट खोली, तिला लॅब म्हणायचं. त्या लॅबमध्ये भाऊ. कपाशीच्या शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि काही दिवसांनी कागद उलगडून किती उगवल्या ते मोजायचं, हे त्यांचं काम. मी पुढच्या टेबलावर. कोणता लॉट कुठं गेला त्याच्या नोंदी, पिशव्यांची लेबलं, गाडीचे कागद हे सगळं माझ्याकडं. मी अमरावतीची, बडनेऱ्याहून रोज अपडाऊन करायची, अजूनही करते.

पहिल्या दिवशी मी हौसेनं टेबल लावत होते. छोटा गणपती, लेकीचा फोटो, बाटलीत मनीप्लँट. भाऊ लॅबच्या दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. पन्नाशीच्या पुढचा माणूस, केस मात्र काळेभोर, पँट थेट बरगड्यांना भिडलेली.

"अवो ताई, काय करून राहिल्या?"

"टेबल लावतेय."

"लावा, लावा. पन काढाले किती वेळ लागन, तेबी एकदा घड्याळ लावून पाहून घ्या."

बाप्पा! नोकरीचा पहिला दिवस, अजून खुर्ची गरम झाली नाही, आणि हा माणूस मला सामान आवरायला शिकवतोय. मी तिखट आहे, तोंडावर बोलते. म्हणाले, "भाऊ, सकाळी सकाळी असं अभद्र कावून बोलता?" ते जराही रागावले नाहीत. उलट खुश झाले. "मिरचीच्या लॉटमधल्या दिसता," म्हणाले. "टिकान. पन तयारीनं टिका."

त्यांची ती थैली हापिसात प्रसिद्ध होती. तिच्यात त्यांचा कप, त्यांचा पेन, टॉवेल, चष्म्याचं घर आणि खुर्चीवर टाकायची गादी. ही गादी ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. मी विचारलं, "भाऊ, गादी तरी ठेवा ना इथं. कोण नेतंय?" तर म्हणाले, "ताई, खुर्ची कंपनीची हाय, गादी माही हाय. दोघायची वळख वाढू देऊ नये." हापिसात वर्षातून एकदा सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा. भाऊ हमखास एकदम कडेला, शेजारच्यापासून वीतभर अंतर ठेवून उभे. फोटोग्राफर ओरडायचा, जवळ या, जवळ या. भाऊ हलायचे नाहीत. का, तर उद्या काढून टाकलं तर कंपनीला फोटो कापायला सोपं जावं. इतका सोयीचा नोकर कोणत्या कंपनीला मिळाला असेल, सांगा.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'सध्या'. तुम्ही कुठं काम करता म्हटलं की 'सध्या अमुक कंपनीत.' गेली वीसेक वर्षं ते सध्या त्याच कंपनीत होते. बँकेचा फॉर्म असो, दवाखान्यातला केसपेपर असो, नोकरीच्या रकान्यात आधी 'सध्या' लिहायचे आणि मग बाकीचं. नुसतं स्वतःपुरतं असतं तर चाललं असतं. पण भाऊ परोपकारी होते.

आमच्या सेल्समधल्या एकाचं लग्न चांदूर बाजारला होतं. भाऊंनी नुकताच सूत्रसंचालनाचा कोर्स केला होता. उद्या नोकरी गेली तर हाती धंदा असावा म्हणून. त्यामुळे माईक त्यांच्या हातात. मंडप गच्च, वाजंत्री थांबलेली, आणि भाऊंनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आपले नवरदेव सध्या अकोल्याच्या नामांकित कंपनीत नोकरीले हायेत!" वधुपित्याच्या हातातलं अक्षतांचं ताट तिथंच थांबलं. "सध्या म्हंजे?" मामा पुढं सरसावले. "सध्या म्हंजे काय? सोयरिकीच्या वेळी तं सध्या नव्हतं सांगतलं!" वराचे वडील घाईघाईनं मधे पडले, "तसं नाई हो, पर्मनंट हाय पोरगा." झालं. भाऊंना राहवेना. माईक तसाच चालू. "खाजगीत पर्मनंट कोनी नसते, दाजी. मी सोता नाई." मुहूर्त टळतो की काय अशी वेळ आली. शेवटी आमच्या मॅनेजरसाहेबांना स्टेजवर चढून नवरदेवाच्या नोकरीची ग्वाही द्यावी लागली, आणि ती देताना त्यांचाही चेहरा काही फार खात्रीचा नव्हता.

कोर्स तर त्यांनी इतके केले की मोजायला बसले तर माझी गाडी चुकेल. फिनाइल करायला शिकले. महिनाभर हापिसात फिनाइलचा असा वास, की येणारे शेतकरी दारातच विचारायचे, कोणाले अॅडमिट केलं काय. अळिंबी उगवायला शिकले. ती लॅबच्या कपाटामागं उगवली, आणि पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती ओल आल्याची खूण म्हणून अहवालात लिहिली. अॅक्युप्रेशर शिकले तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या तळपायाचे बिंदू त्यांनी दाबले. साहेब दोन दिवस टेकू घेत चालत होते, पण भाऊंना काही बोलले नाहीत. भाऊंना कोणी काही बोलत नसे. जो माणूस जायला रोज तयार आहे, त्याला धमकी कशाची देणार?

तरी हा माणूस नुसता जाण्याचीच तयारी करत होता असं नाही. राहण्याचीही करायचा. त्यांचं म्हणणं, हापिसात आपलं एक काम असं ठेवावं, की आपल्यावाचून कोणाला जमूच नये. बियाण्यातला ओलावा मोजायचं एक यंत्र होतं. त्याचा सेल भाऊ संध्याकाळी काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि सकाळी परत बसवायचे. यंत्र 'फक्त भाऊंच्याच हातानं' चालतं अशी सगळीकडं ख्याती. ते मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "मले काढलं, तं हे मशीन बंद पडलंच समजा." मग एकदा भाऊ मेहुण्याच्या लेकीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी यंत्र चाललं नाही, सगळे हवालदिल. दुसऱ्या दिवशी हमालानं मागचं झाकण उघडून पाहिलं, समोरच्या पानठेल्यावरून पेन्सिल सेल आणला आणि यंत्र सुरू. भाऊ आले तर यंत्र चालू! खिशातला सेल चाचपत ते बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, पानठेला कंपनीच्या इतक्या जवळ नसाले पाह्यजे."

शनिवारी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर तालीम असायची. खरंच सांगते, तालीम. भाऊंना कामावरून काढायची. मॅनेजरसाहेब शनिवारी लवकर जात. त्यांच्या केबिनमध्ये मला बसवायचे. मी पुण्याची एचआर मॅडम. भाऊ बाहेर उभे राहायचे, दारावर टकटक करायचे, आत येऊन बसायचे. मी कडक आवाजात म्हणायचं, "कंपनीला आता तुमची गरज नाही." की मग भाऊ शांतपणे पाण्याचा ग्लास उचलणार, दोन घोट घेणार आणि म्हणणार, "बरं."

झालं. एवढंच.

"कावून म्हनून विचाराचं नाई," ते आम्हाला बजावायचे. "कावून विचारलं का ते कारन सांगतात. आन् कारन सांगतलं का मानूस जलमभर तेच चावत बसते. बरं म्हना, थैली उचला, चाला." एकदा मी मुद्दाम खोडी काढली. म्हटलं, "भाऊ, तुम्हाला काढायचा निर्णय कंपनीनं रद्द केलाय." त्यांना काय करावं ते सुचेना. पाणी प्यायले, उठले, बसले, परत पाणी प्यायले. शेवटी चिडून म्हणाले, "ताई, असं तालमीत नसते. तुमी सिरीयसली काढत जा ना मले!"

आम्ही पोट धरून हसायचो. तुम्हीही हसाल. पण माझ्या घरचं एक सांगते म्हणजे कळेल, की मी हसत होते तरी शनिवार चुकवत का नव्हते. माझा नवरा विनाअनुदानित शाळेत शिक्षक. म्हणजे शाळा आहे, वर्ग आहेत, पोरं आहेत, हजेरी आहे, फक्त पगार नाही. पगार येणार आहे. आमचं लग्न झालं तेव्हाही येणार होता, लेक झाली तेव्हाही येणार होता, आता लेक सातवीत आहे आणि पगार अजून वाटेत आहे. घर चालतं ते माझ्या नोकरीवर. ती गेली तर घरात नुसतं आश्वासन उरणार होतं, आणि आश्वासनावर दूधवाला थांबत नाही. त्यामुळे भाऊंचा तो वेडेपणा मी वरून हसून आणि आतून वही काढून ऐकायची.

आता भाऊ कंपनीत नाहीत. मी आहे. स्टेशनवरून हापिसात जाताना ऑटो त्यांच्या घरावरून जातो. ओट्यावर बसलेले दिसतात, केस आता पांढरेशुभ्र. मी हात करते, तेही करतात. एवढे धंदे शिकलेला माणूस, पण त्यातला एकही त्यांनी मांडला नाही. एकदा ऑटो थांबवून मी म्हटलं, "भाऊ, फिनाइल तरी करा ना. मी घेते दर महिन्याला." तर म्हणाले, "ताई, ते तं नोकरी जाईन म्हनून शिकलो होतो. आता जाची काय भीती राहिली?" ऑटोवाल्याला म्हटलं, चला.

हे कसं झालं, तर पुण्याहून एक मेल आली. तिच्यात 'पुनर्रचना' असा शब्द होता आणि तो शब्द पाच वेळा होता. आमच्याकडं कोणाला समजेना. भाऊंनी चष्मा लावला, एकदाच वाचलं आणि म्हणाले, "खुर्च्या तेवढ्याच राह्यतात, बुडं कमी होतात." आणि मग त्या दिवसापासून भाऊंचे दिवस पालटले. इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांच्या लॅबसमोर रांग. सेल्सवाले बायोडाटा दाखवायला येऊ लागले. गोदामवाला चहा घेऊन यायचा, तोही आलं घातलेला. मॅनेजरसाहेब स्वतः एकदा दार लोटून हळूच आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात 'सध्या' लिहिलेला कागद होता. ते पंधरा दिवस भाऊ मांडवातल्या जावयासारखे वावरले.

पुणेकरांनी आधी व्हिडिओवर एकेकाशी बोलायचं ठरवलं. 'तुमचं काम समजून घ्यायचंय' असा गोड निरोप. भाऊंनी सगळ्यांना बोलावून शिकवणी घेतली, आणि मला वेगळी.

"ताई, पुन्याच्या मॅडम विचारतीन, काय करता. तं तुमी काय सांगसान?"

"लॉटच्या नोंदी करते, लेबलं करते…"

"हेच! हेच चुकते! करते म्हनाचंच नाई. करनारा मजूर असते. मजुराले कोनी बी काढते. पाहनारा साहेब असते. म्हनाचं, काम पाहून राहिली. म्हना."

"काम पाहून राहिली."

"ताठ बसून म्हना."

"काम पाहून राहिली!"

"आता कशी साहेबीन वाटून राहिल्या," भाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोन दिवस घोटून घेतलं. गाडीत खिडकीशी बसून मी तेच पुटपुटायची. समोरची बाई जागा बदलून बसली.

कॉलच्या दिवशी पहिला नंबर भाऊंचा. कॅमेऱ्यासमोर ताठ बसले आणि पंधरा मिनिटं बोलले. हातवारे काय, मान डोलावणं काय! इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मी बाजूला उभी होते आणि मला दिसत होतं की माईक बंद आहे. खुणा केल्या, पण भाऊ रंगात आलेले. पलीकडच्या मॅडमनाही वाटलं असावं की हे गृहस्थ शांतपणे ऐकून घेताहेत. त्याच बोलत राहिल्या आणि शेवटी 'खूप छान वाटलं काका तुमच्याशी' म्हणून त्यांनी कॉल ठेवला. भाऊ घाम पुसत म्हणाले, "मस्त झालं. एका शब्दानं तोडलं नाई मले."

मग मी. मॅडम पंचविशीतल्या, आवाज मंजुळ. म्हणाल्या, "ताई, तुम्ही सध्या काय करता?"

आता 'सध्या' हा शब्द ऐकताच मला समोर भाऊच दिसले आणि मी ताठ बसले. मी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली बाई, चारचौघांत नीट बोलते. पण त्या क्षणी बाकी सगळं पुसलं गेलं आणि घोटलेलं तेवढं बाहेर पडलं.

"काम पाहून राहिली, मॅडम."

पुण्याकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग, "अच्छा… म्हणजे, बाहेर?"

मला वाटलं गोदामाचं विचारतात. "हो, हो. बाहेरचंही पाहून राहिली."

"किती दिवसांपासून?"

"पहिल्या दिवसापासून!" मी अभिमानानं सांगितलं.

"तुम्ही इतकं प्रामाणिकपणे बोललात, थँक यू ताई," मॅडम म्हणाल्या. मी बाहेर आले आणि भाऊंना म्हटलं, भाऊ, जमलं. भाऊंनी गोदामवाल्याकडून दोन चहा मागवले.

महिन्याभरानं त्याच मॅडम स्वतः अकोल्याला आल्या. नेमकं त्याच दिवशी आमच्या मॅनेजरसाहेबांना तेल्हाऱ्याचं अत्यंत तातडीचं काम निघालं. मॅडमच्या एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात बाकरवडीचा डबा. सगळ्यांना वाटला. कपातीला येताना बाकरवडी आणणारं माणूस मी आजवर ऐकलं नव्हतं, पण पुण्याची रीत असेल. मग त्या केबिनमध्ये बसल्या आणि त्यांनी नाव पुकारलं. माझं.

मी बसले. त्या लॅपटॉपकडे बघत घाईघाईनं बोलायला लागल्या. "ताई, तुमच्या इच्छेचा आदर करून… म्हणजे तुम्हीच म्हणाला होतात… कंपनी तुम्हाला मोकळं करतेय." आणि लिहून आणलेलं त्यांनी वाचून दाखवलं: 'बाहेर काम पाहून झालं आहे. मिळालं नाही, म्हणून राहिली आहे. पहिल्या दिवसापासून प्रयत्नात. मोकळं केल्यास हरकत नसावी.'

माझ्या डोक्यात आधी काही शिरेचना. मग शिरलं. मला नवरा दिसला, फळ्यासमोर उभा, खडूची पावडर झटकणारा. लेकीचा गणवेश दिसला. "मॅडम, तसं नाही हो! पाहून राहिली म्हणजे… म्हणजे पाहून राहिली!" मी सांगत होते आणि मलाच ऐकू येत होतं की यानं काही उलगडत नाहीये. माझा आवाज चढला. केबिनची भिंत प्लायवूडची. पलीकडं लॅब.

दार टकटक न करता उघडलं. भाऊ. "कावून?" ते ओरडले. "त्यायले कावून काढून राहिल्या?"

मॅडम दचकल्या. मी रडत रडत त्यांना सांगितलं काय झालं ते. भाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. वाक्य त्यांनी शिकवलेलं होतं. टेबलावर दोन्ही हात टेकून ते खाली वाकले.

"मॅडम, आमचं 'राहिली' म्हंजे राहिली नसते. तथी बाहेर गॅसवर चहा हाय. तो उकळून राहिला. म्हंजे काय?"

"म्हणजे… उकळून थांबला?"

"नाई ना माय! उकळून राहिला! आत्ता! बुडबुडे येऊन राहिले!"

"म्हणजे उकळतोय?"

"हाव! तशा ह्या ताई काम पाहून राहिल्या. सांभाळून राहिल्या सगळं हापिस. ह्या जाऊन नाई राहिल्या, ह्या राहून राहिल्या!"

मॅडमनी हे तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग 'अय्या!' म्हणाल्या आणि त्यांचे डोळेच भरले. "मी काय लिहिलं हे! काका, ही माझी पहिलीच वेळ आहे हो. मला सकाळपासून धडधडतंय."

"पयली हाय?" भाऊ एकदम मवाळ झाले. "मंग असं नाई कराचं. बसा. पानी प्या. समोरच्यालेबी द्या. आन् स्क्रीनकडं पाहून बोलू नोका, मानसाकडं पाहून बोला." खरंच त्यांनी त्या पोरीला पाणी दिलं. ती प्यायली. मी पण प्यायले. क्षणभर मला वाटलं, टळलं.

मग ती म्हणाली, "पण काका, एक नाव द्यावंच लागेल. 'अकोला, एक' असं पुण्याला गेलंय. ते बदलत नाहीत."

भाऊंनी विचारलं, "माहं नाव कावून नाई त्याच्यात?"

मॅडमनी लॅपटॉपवर खाली-वर पाहिलं. "तुमच्या नावापुढं फार चांगलं लिहिलंय मी. 'कमी बोलतात, उत्तम ऐकतात, संस्थेची ठेव.' तुमचा विचारच नव्हता झाला काका."

"विचारबी नाई," भाऊ म्हणाले. कोणाचं तोंड असं पडलेलं मी पाहिलं नव्हतं. वीस वर्षं माणूस दारात उभा, आणि घरातल्यांना तो आल्याचंच माहीत नाही! त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग परत माझ्याकडं. पुढचं ते माझ्यासाठी बोलले, की तयारी वाया जाईल म्हणून बोलले, मला आजही सांगता येत नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

"तं मंग लिहा," ते म्हणाले. "मी जाऊन राहिलो."

मॅडमची बोटं लगेच चालली. मग थांबली. लिहिलेलं त्यांनी पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. "काका, म्हणजे… तुम्ही जाऊन… मग राहताय? की तो चहासारखं? नीट सांगा ना प्लीज. आधीच एकदा चुकलंय माझ्याकडून."

भाऊंनी तोंड उघडलं. 'बरं' म्हणायची इतकी तालीम केलेला माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते तसेच उभे राहिले, आणि मॅडम माझ्याकडं वळल्या.

"ताई, तुम्ही सांगा. हे जातायत की राहतायत?"

दोन शब्दांतला एक निवडायचा होता. दोन्ही मला शुद्ध बोलता येत होते. भाऊंकडं मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं, आणि मला बोलायचं होतं.

"जातायत," मी म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं.